आतल्या घटकावर बाहेरची सत्ता

एखाद्या वस्तूच्या आत जे आहे त्यावर बाहेरच्याची सत्ता किती चालावी, आणि जी चालते तिला वैधता कोठून मिळते, या प्रश्नाचा विचार वेदान्तात ईश्वर आणि जीव यांच्या संबंधाच्या निमित्ताने, आणि युरोपीय तत्त्वज्ञानात एका द्रव्याचा दुसऱ्यावर परिणाम कसा होतो या चर्चेच्या निमित्ताने शतकानुशतके झालेला आहे. अलीकडच्या काळात हाच प्रश्न वेबपानांच्या रचनेत उभा राहिला, आणि तेथे त्याला संदिग्धतेला जागा न ठेवणाऱ्या काटेकोर नियमांच्या रूपात उत्तर द्यावे लागले. हे नियम अभियंत्यांनी व्यावहारिक गरजेपोटी घडवले असले तरी सत्ता, मर्यादा आणि अनुमती यांविषयीची एक निश्चित भूमिका त्यांत गृहीत आहे. ती बहुतांशी योग्य आहे, आणि जेथे ती अपुरी पडते तेथे का अपुरी पडते हे समजून घेण्यास जुन्या दर्शनांची मदत होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

वेबपान हे ब्राउझरच्या दृष्टीने एक वृक्ष असते. मथळा, परिच्छेद, बटण, चित्र असा प्रत्येक घटक ही त्या वृक्षाची एकेक गाठ, आणि घटकांच्या पोटात घटक बसवलेले असल्यामुळे गाठीखाली गाठींची उतरंड तयार होते. या वृक्षाला डॉम म्हणतात, आणि कोणता घटक कोणत्या रंगात, आकारात व अक्षरात दिसावा हे सांगणाऱ्या नियमांच्या भाषेला सीएसएस. या भाषेचे नियम मुळात संपूर्ण पानाला लागू होत असत: पानाच्या माथ्यावर लिहिलेला एक शैलीनियम वृक्षाच्या कितीही खोल असलेल्या गाठीपर्यंत पोहोचे, आणि त्याच कारणाने एका कोपऱ्यासाठी लिहिलेला नियम नको त्या दुसऱ्या कोपऱ्याचेही रूप पालटून टाकी. २०११ च्या सुमारास वेब कंपोनंट या नावाने पुढे आलेल्या कल्पनेने ही स्थिती बदलली. या पद्धतीत लेखकाला स्वतःचा नवा घटक घडवता येतो, मूळ भाषेतील घटकांशी गल्लत होऊ नये म्हणून त्याच्या नावात जोडरेघ ठेवावी लागते, आणि त्याच्या पोटात शॅडो डॉम नावाचा एक स्वतंत्र वृक्ष जोडता येतो, ज्याच्या सीमेवर बाहेरचे शैलीनियम थांबतात आणि आतले नियमही बाहेर सांडत नाहीत. असा आतला वृक्ष ज्याला जोडलेला असतो त्या घटकाला येथे यजमान म्हटले आहे. तारीख निवडण्याची चौकट घेतली तर बाहेरच्या पानाला एकच यजमान घटक दिसतो. महिन्याचे नाव, मागेपुढे नेणारे बाण आणि दिवसांचे रकाने हे सारे त्याच्या आत असते.

या रचनेत दोन कर्ते एकमेकांसमोर येतात. एक घटकाचा लेखक, ज्याने आतली रचना केली. दुसरा पानाचा लेखक, जो तो घटक स्वतःच्या पानात बसवतो आणि ज्याला बहुधा पहिल्याची ओळखही नसते. दुसऱ्याला आतल्या बाणाचा रंग बदलायचा असेल तर त्याने काय करावे?

पहिले उत्तर भेदनाचे होते. २०१४ साली क्रोम ब्राउझरने शॅडो डॉमबरोबरच 'डीप' नावाचे एक निवडचिन्ह उपलब्ध करून दिले, ज्याच्या साहाय्याने बाहेरचा शैलीनियम कितीही सीमा ओलांडून आतल्या कोणत्याही घटकापर्यंत जाऊ शके. ही मोकळीक वरवर उदार दिसते, पण तिच्यामुळे घटकाच्या लेखकावर त्याने कधीही न स्वीकारलेले बंधन येऊन पडते. त्याने आतल्या बाणाची जागा बदलली, किंवा दोन घटकांच्या जागी एक ठेवला, की त्या बाणावर नेम धरून लिहिलेले बाहेरचे नियम निकामी होतात, पाने बिघडतात, आणि दोष त्याच्याकडे येतो. म्हणजे त्याच्याकडे उत्तरदायित्व राहते आणि अधिकार मात्र उरत नाही. न विचारता घेतलेल्या आधाराचे अशा रीतीने हक्कात रूपांतर होणे हा कोणत्याही सत्तासंबंधातला गंभीर दोष मानला पाहिजे. क्रोमने २०१५ मध्येच या चिन्हाचा वापर टाळावा असे कळवले आणि २०१७ च्या अखेरीस शैलीपत्रकांतून ते काढून टाकले.

या माघारीमागचे तत्त्व संगणकशास्त्रात त्याआधी बरीच वर्षे मांडले गेले होते. डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात असे प्रतिपादन केले की, मोठ्या आज्ञावलीचे विभाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे न पाडता, पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका विभागाच्या आत झाकला जाईल अशा रीतीने पाडावेत. फ्रेडरिक ब्रुक्स यांना हे सुरुवातीला पटले नव्हते. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाच्या अनुभवावर १९७५ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांचा कल प्रत्येक आज्ञावलीकाराने सर्व विभागांचा तपशील पाहावा या बाजूने होता, आणि १९९५ च्या आवृत्तीत पार्नास बरोबर होते व आपण चुकलो होतो असे त्यांनी स्वच्छपणे नोंदवले. झाकण्याचा हेतू येथे गुप्तता राखणे हा नाही. बाहेरच्याला जे ठाऊकच नाही त्यावर तो विसंबू शकत नाही, आणि तो विसंबत नाही म्हणून आतल्याला बदलण्याचे स्वातंत्र्य राहते, हे या तत्त्वाचे मर्म आहे.

मग सीमा पूर्ण बंद का करू नये? लायब्निझ यांनी १७१४ च्या 'मोनॅडॉलॉजी'त अशाच पूर्ण बंदिस्त तत्त्वांचे विश्व कल्पिले होते. त्यांच्या मते विश्व ज्या मूलभूत चिदणूंचे बनले आहे त्यांना खिडक्या नाहीत. कोणताही चिदणू दुसऱ्यावर प्रत्यक्ष परिणाम करत नाही, प्रत्येकात जे घडते ते त्याच्याच अंतःस्वभावातून उमलते, आणि तरीही सर्वांचा मेळ बसलेला दिसतो तो ईश्वराने आरंभीच प्रस्थापित केलेल्या सुसंवादामुळे. या कल्पनेचे सौंदर्य मान्य करूनही तिचा सारा भार त्या पूर्वनियोजित सुसंवादावर आहे हे विसरता येत नाही, आणि वेबपानाच्या जगात असा सुसंवाद घडवणारा कोणी नसतो. घटकाचा लेखक एका देशात, एका लिपीच्या सवयीत काम करतो. त्याने रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची आत पक्की करून ठेवली, तर तो घटक मराठी पानात आल्यावर वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात, आणि खिडकी नसलेल्या घटकापुढे मराठी पानाचा लेखक हतबल होतो. आपण कोणत्या परिसरात राहणार आहोत हे ज्याला आधी कळू शकत नाही त्याने स्वतःला पूर्ण मिटून घेणे हा एक प्रकारचा अविचार होय.

शिवाय या सीमेचे स्वरूपही नीट लक्षात घेतले पाहिजे. शॅडो डॉम जोडताना 'ओपन' आणि 'क्लोज्ड' असे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात बाहेरच्या आज्ञावलीला आतल्या वृक्षाचा दुवा थेट मिळतो, दुसऱ्यात तो दिला जात नाही. तथापि दुसरा प्रकारही सुरक्षेची भिंत ठरत नाही, कारण घटक घडण्यापूर्वी चालणारी आज्ञावली वृक्ष जोडण्याची मूळ क्रियाच बदलून तो दुवा मिळवू शकते. शैलीनियमांपुरती ही सीमा ब्राउझर स्वतः राखतो. आज्ञावलीपुरती ती पाळणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहते.

भेदन आणि बंदी या दोन टोकांच्या मधला मार्ग कसा असू शकतो याचा सर्वांत सूक्ष्म विचार वेदान्तातील अंतर्यामीच्या चर्चेत आढळतो. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातील सातव्या ब्राह्मणात, जनकाच्या यज्ञसभेत उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला या नियंत्याविषयी विचारतो, आणि याज्ञवल्क्य पृथ्वी, जल, अग्नी यांपासून आरंभ करून एकेका तत्त्वाविषयी सांगत जातो की, त्यात राहून त्याहून जो वेगळा आहे, ज्याला ते तत्त्व जाणत नाही, ते तत्त्वच ज्याचे शरीर आहे आणि आतून जो त्याचे नियमन करतो, तो अंतर्यामी. माध्यंदिन शाखेच्या पाठात या मालिकेत आत्म्याचाही स्पष्ट उल्लेख येतो, आणि रामानुजांच्या विशिष्टाद्वैताने ईश्वर व जीव यांच्यातील शरीरी आणि शरीर असा संबंध प्रतिपादताना या ब्राह्मणाचा मोठा आधार घेतला. शरीर कशाला म्हणावे याची त्यांची व्याख्या येथे ध्यानात घेण्यासारखी आहे: जे द्रव्य एखाद्या चेतनाकडून स्वतःच्या प्रयोजनासाठी सर्वथा नियमिले जाऊ शकते, धारण केले जाऊ शकते, आणि त्याच्यासाठी असणे हेच ज्याचे स्वरूप आहे, ते त्या चेतनाचे शरीर.

या व्याख्येतून जीवाला काहीच कर्तृत्व उरत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका ब्रह्मसूत्रांनीच उपस्थित केली आहे. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाचे कर्तृत्व परमात्म्याकडून येते असे एक सूत्र सांगते, आणि लगेच पुढचे सूत्र त्याला मर्यादा घालते की, हे नियमन जीवाने केलेल्या प्रयत्नाच्या अपेक्षेनेच होते, एरवी शास्त्रातील विधी आणि निषेध व्यर्थ ठरतील. रामानुजांनी या जागी अनुमती ही संकल्पना आणली. त्यांचे उदाहरण सामाईक मालमत्तेचे आहे: दोघांच्या अविभक्त मालकीचे धन एकाला तिसऱ्याच्या स्वाधीन करायचे असेल तर दुसऱ्याच्या अनुमतीखेरीज ते होत नाही, पण अनुमती मिळवून दिल्यावर त्या दानाचे फळ देणाऱ्याकडेच जाते. पहिला प्रयत्न जीवाचा, अनुमती अंतर्यामीची, आणि फळ प्रयत्न करणाऱ्याचे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर बसवल्याप्रमाणे फिरवणाऱ्या ईश्वराचे वर्णन ६१ व्या श्लोकात येते, आणि अवघ्या दोन श्लोकांनंतर, सांगितलेल्याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे अर्जुनाला सांगितले जाते. ही विसंगती नव्हे; अनुमतीच्या सिद्धान्तात दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात.

वेबच्या नियमांनी भेदन सोडल्यावर जो मार्ग धरला तो अनुमतीचाच आहे, मात्र तिची दिशा उलटी आहे. रामानुजांच्या विवरणात नियंता अनुमती देतो आणि नियमिला जाणारा प्रयत्न करतो. येथे बाहेरचा नियंता प्रयत्न करतो आणि ज्याचे नियंत्रण व्हायचे तो घटक अनुमती देतो. हा भेद मोठा आहे आणि तो पुसून टाकू नये, कारण अंतर्यामी सर्वज्ञ आहे आणि पानाचा लेखक तसा नाही. दोन्हीकडे समान आहे ते एवढे की, कर्म एक असून त्याला दोन कर्त्यांची गरज पडते, आणि दोघांपैकी एकाला वगळले तर ते कर्म एकतर बळजबरी ठरते किंवा घडतच नाही.

अनुमतीची पहिली रीत कस्टम प्रॉपर्टी म्हणून ओळखली जाते. पानाचा लेखक एका नावाखाली एखादे मूल्य, उदाहरणार्थ बाणाचा रंग, जाहीर करतो. हे मूल्य वारशाने वृक्षात खाली उतरते, शॅडो डॉमची सीमाही ओलांडते, पण आतल्या लेखकाने त्या नावाचे मूल्य वापरावे असे स्वतःच्या नियमात लिहिले असेल तरच त्याचा परिणाम होतो. मूल्य बाहेरचे आणि ते अंगीकारण्याची क्रिया आतली, अशी ही वाटणी आहे. दुसरी रीत 'पार्ट'ची. घटकाचा लेखक आतल्या एखाद्या घटकाला सार्वजनिक नाव देतो, आणि बाहेरचा लेखक त्या नावाने त्यापुरते कोणतेही शैलीनियम लिहू शकतो; २०१९ ते २०२० या काळात प्रमुख ब्राउझरांनी ही रीत स्वीकारली. पहिल्या रीतीत मूल्यापुरती अनुमती मिळते, दुसरीत एका अवयवाच्या संपूर्ण रूपाची. त्या अवयवाच्या पोटातल्या घटकांपर्यंत मात्र बाहेरच्याला जाता येत नाही, आणि घटकाच्या लेखकाने दिलेले नाव पुढे बदलले तर झालेल्या बिघाडाचा दोष निःसंशय त्याचा असतो, कारण ते नाव हे त्याने स्वतः दिलेले वचन होते.

घटकाच्या आत घटक आणि त्याच्या आत आणखी एक, अशी रचना आली की या दोन रीतींमधला तात्त्विक फरक ठळक होतो. 'पार्ट'च्या रीतीत सर्वांत आतल्या घटकाने नाव दिले तरी ते केवळ त्याच्या लगतच्या बाहेरच्या वृक्षाला दिसते. त्याहून बाहेर जायचे तर मधल्या प्रत्येक यजमानाला 'एक्सपोर्टपार्ट्‌स' या गुणधर्माने ते पुढे पाठवावे लागते, आणि एकाने जरी तसे केले नाही तर वाट तेथेच संपते. कस्टम प्रॉपर्टी मात्र मधल्यांना न विचारता तळापर्यंत उतरते, आणि कोणा यजमानाने तिचे मूल्य मुद्दाम बदलले तरच अडते. बृहदारण्यकातील अंतर्यामी प्रत्येक तत्त्वात मध्यस्थाविना असतो, त्या अर्थाने कस्टम प्रॉपर्टीची रीत त्याच्या अधिक जवळची. पण तिच्यातील धोकाही त्याच जवळिकीतून येतो. नावे सर्वांसाठी समान असल्यामुळे एका घटकासाठी जाहीर केलेले मूल्य त्याच नावाची वाट पाहणारा तिसराच घटक उचलू शकतो, आणि ज्याला आज्ञा दिलीच नव्हती तो ती पाळतो. सर्वज्ञ नियंत्याच्या बाबतीत ही भीती संभवत नाही. मर्यादित ज्ञानाच्या कर्त्यांसाठी मधल्या प्रत्येकाची संमती घेणारी रीत कष्टाची असली तरी अधिक प्रामाणिक आहे, आणि रंग, अंतर, अक्षराचा आकार अशा सर्वांना सामाईक असलेल्या मूल्यांपुरताच मध्यस्थाविना चालणाऱ्या वारशाचा उपयोग करणे उचित होय.

मर्यादा दोन्ही बाजूंना आहे ही गोष्टही सहसा दुर्लक्षित राहते. स्लॉट म्हणजे यजमानाने आपल्या आत राखलेली रिकामी जागा, जिच्यात बाहेरचा लेखक स्वतःचा मजकूर ठेवू शकतो. असा मजकूर आतल्या जागी दिसला तरी तो बाहेरच्या वृक्षाचाच राहतो; यजमान त्याची जागा ठरवतो, त्याच्या सर्वांत वरच्या घटकाला शैली सुचवू शकतो, पण त्या घटकाच्या पोटात शिरू शकत नाही. जी मर्यादा बाहेरच्याने आतल्याच्या बाबतीत पाळायची तीच आतल्याने बाहेरून आलेल्याच्या बाबतीत पाळायची असते.

दोन्ही बाजूंना बोलण्याचा हक्क असेल आणि दोघांचे म्हणणे एकमेकांविरुद्ध जात असेल तर कोणाचे चालावे, याविषयीचा नियम या सर्व व्यवस्थेतील सर्वांत विचारगर्भ भाग आहे. सीएसएसमध्ये सामान्यतः अधिक नेमका नियम कमी नेमक्या नियमावर मात करतो. परंतु दोन नियम सीमेच्या दोन बाजूंनी आले असतील तर त्यांचा नेमकेपणा मोजण्याआधीच बाजू पाहिली जाते, म्हणजे अधिकाराचा निर्णय बळाच्या तुलनेने होत नाही. साध्या नियमांत बाहेरचा आतल्यावर मात करतो. पण दोन्ही बाजूंच्या नियमांना 'इम्पॉर्टंट' ही खूण लावलेली असेल तर क्रम उलटतो आणि आतला बाहेरच्यावर मात करतो. या उलटण्यामागे खोल न्यायबुद्धी आहे. बाहेरच्याला परिसराचे ज्ञान असते: पानाचा रंग, लिपी, वाचकवर्ग हे त्याला ठाऊक असते, म्हणून रूपाच्या नेहमीच्या प्रश्नांत त्याचे ऐकले पाहिजे. आतल्याला मात्र स्वतःच्या अस्तित्वाची अट ठाऊक असते: अमुक भाग अमुक क्षणी लपलाच पाहिजे, नाहीतर घटक आपले कामच करू शकणार नाही, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही, म्हणून निर्वाणीच्या प्रसंगी त्याचा नकार अंतिम मानला पाहिजे. ज्याचे नियंत्रण होते त्याला सदैव विरोध करता येणे आवश्यक नाही; जेथे त्याचे स्वत्वच पणाला लागते तेथे त्याचा विरोध निर्णायक ठरणे आवश्यक आहे. प्रत्येक नियमाला ती खूण लावणारा घटकाचा लेखक हा अधिकार भ्रष्ट करतो, हे खरे. पण गैरवापराच्या शक्यतेने तो अधिकार खोटा ठरत नाही.

असाच एक उलटा क्रम सीएसएसच्या इतिहासात याआधीही येऊन गेला होता. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत लेखक आणि वाचक या दोघांनीही 'इम्पॉर्टंट' म्हटले तर लेखकाचे चाले. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ते बदलून वाचकाचे चालेल असे ठरवले, कारण क्षीण दृष्टीच्या वाचकाला मोठी अक्षरे किंवा ठळक रंग हवे असतील तर ती त्याची आवड नसून गरज असते. या निर्णयाने व्यवस्थेत तिसऱ्या व्यक्तीला जागा दिली, आणि शॅडो डॉमच्या चर्चेत नेमकी तीच व्यक्ती मागे पडली आहे. अनुमतीचा सारा करार पानाचा लेखक आणि घटकाचा लेखक यांच्यात होतो, ज्याच्यासाठी पान आहे तो त्यात पक्षकार नसतो. पानाच्या स्वतःच्या शैलीनियमांत भर घालून रूप बदलणारी वाचकाची साधने यजमानाच्या सीमेपाशी थांबतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांची अडचण याहून गंभीर आहे: कोणते नाव कोणत्या रकान्याचे हे त्यांना सांगण्यासाठी घटकांच्या ओळखखुणांचा संबंध जोडावा लागतो, या ओळखखुणा ज्या त्या वृक्षापुरत्या मर्यादित असतात, आणि त्यामुळे बाहेर लिहिलेल्या नावाला आतल्या रकान्याशी अशा रीतीने जोडता येत नाही. आतल्या घटकाने बाहेरच्याचा निर्देश करावा यासाठी काही सोय झाली आहे. उलट दिशेने, यजमानाचा निर्देश झाला तर तो आपल्या आतल्या अमुक घटकाचा समजावा असे यजमानाने जाहीर करावे, असा एक प्रस्ताव मांडला गेला आहे.

हा प्रस्ताव स्वागतार्ह आहे आणि तो अनुमतीच्या तत्त्वाशी सुसंगतही आहे, पण त्यातही बोलणारा घटकाचा लेखकच आहे. त्याने जाहीर केले नाही तर अंध वाचकापुढचा रकाना निनावीच राहतो. पानाच्या लेखकाला बाणाचा रंग बदलू न देण्याचा हक्क घटकाच्या लेखकाला असू शकतो, कारण तेथे दोन रचनाकारांच्या स्वातंत्र्याचा तोल साधायचा असतो. वाचता येण्याची मागणी त्या तोलात बसवण्यासारखी नाही. ती पुरी करण्यासाठी घटकाच्या अनुमतीची वाट पाहावी लागणार नाही असा मार्ग ब्राउझरनेच द्यावा, आणि १९९८ मध्ये शैलीच्या बाबतीत जो निर्णय झाला तो सीमेच्या आतल्या नावांपर्यंत आणि नात्यांपर्यंत न्यावा.